दोन लांब, एक आखूड

१

गव्हर्नरच्या कार्यालयातून हॅल्वर ब्रेकेला कुणीही फोन केला नव्हता.

हे आम्हाला शुक्रवारी सकाळी कळलं. तोवर त्या फोनच्या भरवशावर एका मुलाच्या हाती सैन्यात हजर होण्याचा हुकूम पडला होता.

१९४३ चा मार्च चालू होता. आमच्या एल्क फोर्डचं भरती मंडळ म्हणजे तिघे जण. अध्यक्ष हॅल्वर ब्रेके, बियाण्यांचा जुना व्यापारी, ज्याचा स्वतःचा मुलगा तेव्हा आफ्रिकेत लढत होता. औषधांच्या दुकानाचा मालक लेस्टर प्रुइट. आणि मोटारी दुरुस्त करणारा ओटो वेंड्ट. तिघांनाही पगार नव्हता. कुणाचा मुलगा जाईल आणि कुणाचा राहील हे त्यांनी ठरवायचं आणि रविवारी चर्चमध्ये त्याच मुलांच्या आयांशेजारी बसायचं.

त्या महिन्याची शेवटची एक जागा भरायची राहिली होती आणि नावं दोन होती. एक निल्स फॉसम. बाप वारलेला, आई गुंडा हिचा उजवा हात संधिवाताने आखडलेला. गाईंची धार काढणारा घरात तो एकटाच. दुसरा रोलंड स्ट्रँड, सिनेटर क्लिफर्ड स्ट्रँडचा मुलगा. वडिलांच्या डुकरांच्या फार्मवर तो कामाला आहे, असं त्याच्या अर्जात म्हटलं होतं. फार्म चालवायचा ड्युई क्रॅट्झ हा मुकादम. रोलंड तिथे गेलाच तर गाडीतून उतरत नसे.

सोमवारी मंडळाने एकमताने निल्सला शेतीसाठी सूट दिली आणि रोलंडला पाठवायचं ठरवलं. बुधवारी हाच निर्णय उलटा झाला. अध्यक्षांनी सहकाऱ्यांना इतकंच सांगितलं, “वरून सांगणं आलंय.”

मंडळाविरुद्ध मुलांची बाजू मांडायला सरकारने प्रत्येक काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, एक वकील नेमलेला असे. आमचा वॉलेस अ‍ॅमडाल. त्यालाही पगार नव्हता. शुक्रवारी त्याने या ढवळाढवळीबद्दल तक्रार करायला राजधानीला, मॅडिसनला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की एल्क फोर्डला इथून कुणीच फोन केलेला नाही.

तो सरळ आमच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत आला. “आयर्मा, कोट घाल,” तो म्हणाला. “कुणीतरी गव्हर्नर झालाय. कोण ते शोधायचंय.”

२

हॅल्वर ब्रेके स्वयंपाकघरात बसला होता. दाढी वाढलेली. आम्ही त्याला सगळं सांगितलं.

“म्हणजे मला कुणीतरी गाढव बनवलं.”

“कुणी ते सांगू शकाल?”

“सांगता आलं असतं तर इथे बसलो असतो का? मंगळवारी, दुपारचं जेवण नुकतंच वाढलेलं. माझी घंटा वाजली, दोन लांब, एक आखूड. रिसीव्हर कानाला लावला तर माणूस म्हणतो, ‘गव्हर्नर साहेबांच्या कार्यालयातून. फॉसमच्या मुलाच्या बाबतीत साहेबांना काळजी वाटते. मंडळ नीट चालत नसेल तर नवं नेमता येतं.’ इतका बारीक आवाज वकीलसाहेब, विहिरीतून आल्यासारखा. मी म्हटलं, मॅडिसन केवढं लांब आहे.”

“आवाज ओळखीचा?”

“नाही. खोकत होता मध्येमध्ये. कोरडा खोकला.”

“कधी खोकला?”

हॅल्वर वैतागला. “कधी म्हणजे? बोलताना. ‘नवं नेमता येतं’ म्हणतानाच खोकला.”

“थांबून?”

“नाही, वाक्य पुरं केलं त्याने.”

अ‍ॅमडालने माझ्याकडे बघितलं. मला काही कळलं नाही.

“हॅल्वर, निर्णय फिरवा. तुम्ही आणि वेंड्ट, दोन मतं पुरेत.”

“मी आता त्या खुर्चीत बसणार नाही. राजीनामा लिहितोय.” म्हाताऱ्याने टेबलावर हात आपटला नाही, आवाजही चढवला नाही. “माझं मत एका आवाजाने फिरवलं. ते परत कशाने फिरेल, माझं मलाच माहीत नाही. तो माणूस कोण ते आधी कळू दे. नाहीतर गुंडाच्या तोंडासमोर कसा उभा राहू?”

बाहेर येऊन अ‍ॅमडाल म्हणाला, “वेंड्ट आपल्या बाजूने आहे. प्रुइट म्हणतो, वरचे लोक फोन केल्याचं कधी कबूल करतात का, पुरावा आणा, मगच फेरविचार. एकास एक. आणि निल्सला सोमवारी बस पकडायचीय.”

टेलिफोन एक्स्चेंज बँकेच्या माडीवर होतं. तिथल्या बर्निसला त्याने एकच प्रश्न विचारला.

“मंगळवारी दुपारी?” ती म्हणाली. “मॅडिसनहून नाही, कुठूनच नाही. सहा नंबर लाइनवर मी काही जोडलंच नाही.”

“पण घंटा वाजली.”

“मग त्यांच्यातल्याच कुणीतरी टेलिफोनची दांडी फिरवली असेल. एका लाइनवरची घरं मला न विचारता एकमेकांना फोन करतात.”

सहा नंबरच्या एकाच तारेवर पाच घरं होती; प्रत्येकाच्या घंटेची खूण वेगळी, पण ती पाचही घरांत वाजे आणि रिसीव्हर उचलला तर कुणालाही बोलणं ऐकू येई. मॅडिसनचा तो माणूस आता पाच घरांच्या आत आला होता.

३

तरीही अ‍ॅमडाल आधी सिनेटरकडे गेला. गावातलं त्यांचं घर दुसऱ्या लाइनवर होतं, तेव्हा त्यांनी घरून फोन केलेला नव्हता. पण सांगून करवला असेल.

“मी हॅल्वरवर दबाव आणला का?” सिनेटर स्ट्रँड हसले. “आणला की! तीन वेळा त्याच्याकडे गेलो. मुलगा एकुलता एक आहे, असं तोंडावर सांगितलं. काउंटीच्या पक्षाच्या बैठकीतही बोललो. मी जे मागतो ते स्वतःच्या आवाजात मागतो, वॉलेस. चोरून बोलायची मला गरज काय?”

“काम झालं म्हणून आनंद वाटला?”

“बाप आहे मी. वाटला.”

रोलंड जिन्याच्या पायरीवर उभा राहून ऐकत होता. बारीक, उंच, चष्मेवाला. आम्हाला दारापर्यंत सोडायला तो आला.

“फॉसमच्या गाई किती दूध देतात हो?” त्याने अचानक विचारलं.

“का?”

“काही नाही. माझ्या अर्जात लिहिलंय की मी डुकरं सांभाळतो. मला एका डुकराचं नाव माहीत नाही.”

“डुकरांना नावं नसतात, रोलंड,” मी म्हणाले.

“बघा, तेसुद्धा माहीत नाही.”

त्याने दार लावून घेतलं. अ‍ॅमडाल गाडीत बसला तेव्हा म्हणाला, “बापाने सांगितलं नसेल तर मग मनकवडा कोण निघाला?”

४

पाच घरं. एक हॅल्वरचं स्वतःचं. एक गुंडा फॉसमचं. आपल्याच मुलाला लढाईवर पाठवायला ती फोन करणार नव्हती. राहिली तीन: विधवा टेक्ला मोएन, ड्युई क्रॅट्झ आणि लेस्टर प्रुइट, जो दुकान गावात असलं तरी राहायला लाइनवरच्या जुन्या घरात होता आणि रोज दुपारी जेवायला घरी येई.

टेक्ला मोएनने कॉफी ठेवली. तिचा टेलिफोन खिडकीशेजारी, त्याच्यापुढे उशी घातलेली खुर्ची, आणि खुर्चीच्या हातावर अर्धवट विणलेला मोजा.

“दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं म्हणजे पाप,” ती म्हणाली. “माझी घंटा वाजली तरच मी उचलते.”

“अर्थातच. मंगळवारी हॅल्वरची घंटा वाजलेली ऐकलीत?”

“वाजली असेल. वाजली म्हणून काय झालं, त्या दिवशी धड एक शब्द कळत नव्हता. सगळ्यांनी उचलून ठेवलं की लाइनचा जीव जातो. किती वेळा सांगितलं लोकांना—”

ती थांबली. अ‍ॅमडालने कॉफीत साखर घातली, ढवळली, चमचा बशीत ठेवला.

“पाप लहान आहे, मोएनबाई.”

“माझ्या नवऱ्याला सांगू नका,” ती म्हणाली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

“बोलणारा बाप्या होता?”

“बाप्याच. पण कोण ते ओळखू आलं नाही. तोंडावर फडकं धरल्यासारखं. मला खरंच वाटलं, सरकारच बोलतंय.”

रस्त्यावर आल्यावर अ‍ॅमडाल म्हणाला, “ऐकलंस? कानाला जितके रिसीव्हर, तितका आवाज बारीक. हॅल्वरला वाटलं मॅडिसन लांब आहे. मॅडिसन लांब नव्हतं, शेजारणी जवळ होत्या.”

क्रॅट्झच्या दारात ड्युईने आम्हाला आत बोलावलं नाही. धिप्पाड माणूस, सिनेटरच्या पगारावर जगणारा.

“मंगळवारी दुपारी घरीच होतो. जेवत होतो. झालं?”

“फोन केला होता कुणाला?”

“नाही.”

“कुणी पाहिलं?”

त्याची बायको हिल्डा त्याच्या पाठीमागे उभी होती. ती काही बोलायला गेली आणि एकदम गप्प झाली. तिचा चेहरा लाल झाला. मग तिला खोकल्याची उबळ आली, कोरडी, लांबलचक, आणि ती आत पळाली.

“दहा वर्षांचा दमा आहे तिला,” ड्युई म्हणाला. “आणि काही विचारायचंय? का सिनेटरचं मीठ खातो म्हणून मीच चोर?”

“तसं लोक म्हणतील खरं.”

“म्हणू देत!” त्याने दार आपटलं.

मी गाडीत म्हणाले, “खोकला! हॅल्वरने ऐकला तो हाच. फोन याच घरातून झाला.”

“उलट आहे, आयर्मा,” अ‍ॅमडाल म्हणाला. “एकदम उलट. पण ती बाई बोलली नाही तर तिचा नवरा बुडाला, आणि निल्सही.”

५

लेस्टर प्रुइटने आम्हाला दुकानाच्या मागच्या खोलीत बसवलं. नीटनेटका माणूस, पांढरा कोट, नखं घासून स्वच्छ केलेली. माझ्या आईच्या शेवटच्या आजारात त्याने औषधाचे पैसे मागितले नव्हते. त्या दिवशीही मला त्याचा आदरच वाटत होता.

“मी मंगळवारी घरीच जेवलो,” तो म्हणाला. “बायको मुलीकडे गेलीय, उकडलेली अंडी खाल्ली. हॅल्वरची घंटा वाजलेली ऐकली. तो त्याचा फोन. मी जेवत राहिलो.”

“उचलला नाहीत?”

“वॉलेस, या काउंटीत बायका काय करतात ते मला माहीत आहे. माझ्या घरात दुसऱ्याचं बोलणं कुणी ऐकत नाही. कधीच नाही. हे तू वाटल्यास छापून टाक, आयर्मा.”

“क्रॅट्झबद्दल काय वाटतं?”

प्रुइटने चष्मा पुसला. “मी कुणावर बोट ठेवणार नाही. पण तो स्ट्रँडचा माणूस आहे, हे सगळ्यांना दिसतं.”

“आणि पुरावा मिळाला तर निल्सचा फेरविचार करशील?”

“आनंदाने. मी सोमवारी निल्सच्याच बाजूने हात वर केला होता ना?”

ते खरं होतं. बाहेर आल्यावर मी तसं म्हटलं. अ‍ॅमडाल दुकानाच्या पाटीकडे बघत उभा राहिला.

“दोघांनी आधीच हात वर केल्यावर तिसऱ्याच्या हाताने काही बदलत नाही,” तो म्हणाला. “रविवारी चर्चनंतर सहा नंबरची सगळी लाइन मला तळघरात हवी. पाद्रीसाहेबांना कॉफी जास्त ठेवायला सांग.”

६

प्रार्थनेनंतर आमच्याकडे सगळे खाली तळघरात कॉफीला थांबतात. त्या रविवारी कुणी कुणाशी बोलत नव्हतं. ड्युई क्रॅट्झभोवती मोकळी जागा सुटली होती. गुंडा फॉसम निल्सला घेऊन भिंतीकडच्या बाकावर बसली होती. हॅल्वर दारातच उभा होता, लगेच निघून जायच्या बेताने.

अ‍ॅमडालने कप खाली ठेवला.

“मंगळवारी सहा नंबर लाइनवरून एकाने गव्हर्नरचं सोंग घेतलं. त्या वेळी चोरून कोण कोण ऐकत होतं, ते मला हवंय.”

पाद्रीसाहेबांनी छताकडे बघितलं.

“मी दंड करायला आलेलो नाही. घरात टेलिफोन एक, रिसीव्हर एक. हॅल्वरने बोलणाऱ्याच्या वाक्यावर दुसऱ्याचा खोकला ऐकला. एका तोंडातून वाक्य आणि खोकला एकदम निघत नाही. म्हणजे खोकणारा ऐकत होता. आणि ज्या घरातून कुणी ऐकत होतं, त्या घरातून कुणी बोलू शकत नव्हतं. ऐकणारे निर्दोष आहेत. न ऐकणाऱ्यांचंच काही खरं नाही.”

तळघरात पहिल्यांदा एक कप वाजला. मग हिल्डा क्रॅट्झ उभी राहिली.

“खोकले ती मी,” ती म्हणाली.

“हिल्डा!” ड्युई ओरडला.

“तू गप्प बस. तू डोळ्यासमोर बटाटे गिळत होतास.” ती गुंडाकडे वळली. “मी रोज ऐकते. सगळ्यांचं ऐकते. गुंडा, तुझ्या निल्सचं मला मंगळवारीच कळलं होतं, आणि मी तुझ्याकडे आले नाही. कसं कळलं ते सांगावं लागलं असतं ना. नवऱ्याला लोकांनी चोर म्हटलं तरी मी तोंड उघडलं नाही. मला माफ कर.”

“मीही ऐकत होते,” टेक्ला मोएन कोपऱ्यातून म्हणाली. “हिल्डा खोकली तेव्हा मीच पुटपुटले, मध घे म्हणून.”

“ते मी ऐकलं,” हिल्डा रडत म्हणाली. “घेतला.”

गुंडा फॉसम आपल्या आखडलेल्या हाताकडे बघत होती. “मीही ऐकतेच,” ती सावकाश म्हणाली. “त्या दिवशी गोठ्यात गाय व्यायला झाली होती, म्हणून राहिलं. कोण कुणाला माफ करणार, हिल्डा? बस खाली, उबळ येईल.”

लोक हसले. हसता हसता ते थांबले, कारण हिशेब प्रत्येकाचा प्रत्येकाने केला होता. ऐकणारी दोन घरं. गोठ्यात असलेलं एक. फोन घेतलेलं एक. सगळ्यांचे डोळे हळूहळू एकाच दिशेला वळले.

लेस्टर प्रुइटच्या हातात बशी होती. “मी...” तो म्हणाला. “मीही त्या दिवशी जरा वेळ...”

“तुझ्या घरात कुणी ऐकत नाही, हे परवा तूच मला छापायला सांगितलंस, लेस्टर,” मी म्हणाले. हे म्हणताना मला बरं वाटलं नाही.

हॅल्वर दारातून पुढे आला. दोघांची चाळीस वर्षांची मैत्री. “लेस्टर, तुला सिनेटरने सांगितलं?”

प्रुइटने नजर बशीवरच ठेवली.

“कुणीच सांगितलं नाही,” प्रुइट म्हणाला. “तेच तर आहे. पोस्टमास्तरची जागा रिकामी होणार आहे. पक्षाच्या बैठकीत सिनेटर म्हणाले, मित्र कोण ते मी लक्षात ठेवतो. एवढंच. माझ्याकडे बघूनही म्हणाले नाहीत. मला वाटलं, माझ्याकडेच बघितलं.”

“मग सोमवारी मत त्यांच्या बाजूने का नाही दिलंस?”

“लोकांना दिसलं असतं.”

हॅल्वरने त्याच्या हातातली बशी काढून घेतली. ती टेबलावर ठेवून दिली.

“घरी जा, लेस्टर,” तो म्हणाला. “उद्या राजीनामा लिही. मी माझा फाडतोय.” मग त्याने मान वळवली. “ओटो वेंड्ट कुठाय? इकडे ये. पाद्रीसाहेब, पाच मिनिटं ही खोली मंडळाला द्या. सगळ्यांनी वर जा. आणि जिन्यावर कुणी ऐकत थांबू नका!”

सगळे जिन्यावरच थांबले. मीही थांबले. आतून हॅल्वरचा आवाज आला, “फॉसम, शेतीसाठी सूट, कायम.” वेंड्टचा आला, “कायम.” मग पुन्हा हॅल्वर: “स्ट्रँडच्या मुलालाही आईबाप आहेत, ओटो, हे विसरून हात वर करू नकोस.” वेंड्ट म्हणाला, “विसरलो नाही.”

इतक्या वर्षांच्या बातमीदारीत मी पुष्कळ निकाल ऐकले. त्या दोन माणसांनी तळघरात दिला त्याच्याइतका आभार मानावेत असा निकाल मला दुसरा आठवत नाही. विनापगारी, थकलेले, भ्यायलेले, आणि तरीही.

७

बस कोर्टासमोरून सुटायची. दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी धुकं होतं आणि सोळा-सतरा मुलं पिशव्या घेऊन उभी होती. सिनेटर स्ट्रँड रोलंडपासून हातभर अंतरावर होते. काय करावं ते न सुचलेला कुठलाही बाप उभा राहतो तसे. निर्णयाविरुद्ध त्यांनी अपील केलं नव्हतं. रोलंडने करू दिलं नाही, असं अ‍ॅमडालने मला नंतर सांगितलं.

धुक्यातून गुंडा फॉसम चालत आली. निल्स नव्हता, धारेची वेळ होती. तिने गर्दीतल्या मुलांकडे एकेक करून बघितलं.

“यातला रोलंड कोण?”

“मी,” तो म्हणाला. “नमस्कार, बाई.”

“तुला लहान असताना पाहिलं होतं. मग शिकायला गेलास बाहेर.” तिने पिशवीतून फडक्यात गुंडाळलेलं काही काढलं. “लेफ्से आहे. बटाट्याची पोळी म्हणता ना तुम्ही गावातले, तीच. लोणी आणि साखर लावलीय. एका हाताने लाटलीय, वाकडी झालीय.”

रोलंडने पुडकं घेतलं. “मला कुणी विचारलंच नव्हतं, बाई,” तो घाईने म्हणाला. “म्हणजे जायचं का म्हणून. विचारलं असतं तर...”

“तर काय?”

तो खरं उत्तर शोधत होता, ते दिसत होतं. “घाबरलो असतो. पण आलो असतो.”

सिनेटरनी मान दुसरीकडे वळवली.

“मी आभार मानायला नाही आले,” गुंडा म्हणाली. “मुलाच्या बदल्यात मुलगा, त्याचे आभार कुठल्या तोंडाने मानू? मी बघायला आलेय. आजपासून रोज तुझं नाव घेणार आहे मी प्रार्थनेत. नाव घ्यायचं तर चेहरा माहीत हवा.”

धुकं दाट होतं आणि टोपी कपाळावर ओढलेली होती. रोलंडने टोपी काढली, चष्माही काढला, आणि तिला नीट दिसावं म्हणून जरा खाली वाकून, ड्रायव्हरने हॉर्न वाजवेपर्यंत तसाच उभा राहिला.